बांधावरची मुलुखिया

आई चालता चालता रस्ता सोडून बांधावर चढली आणि पलीकडच्या पडीक रानात उतरली, तेव्हा मावशीनं माझा हात घट्ट धरला.

रविवारची उपासना संपवून आम्ही तिघी घरी निघालो होतो. मिरजेत आमच्या घराकडे जाणारा तो कच्चा रस्ता तेव्हा दोन्ही बाजूंनी शेतांचा होता. मागून चर्चमधली माणसं येत होती. आईच्या अंगावर मावशीची पांढरी साडी होती, कारण तिच्या स्वतःच्या साड्या उरल्याच नव्हत्या. ती गुडघाभर गवतात वाकली, एका झुडपाचं पान तोडून बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं, आणि तशीच उभी राहिली.

"ललिता," मावशीनं हाक मारली. "काय झालं?"

पदर कमरेला खोचून आई भराभरा पानं खुडायला लागली.

"अगं, तण आहे ते. गोणपाटाचा ताग असतो ना, त्यातलंच रानटी काहीतरी. चल, लोक बघतायत."

"मुलुखिया आहे, अक्का."

"काय आहे?"

"मुलुखिया." आईनं वर पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला होता. "आजचा स्वयंपाक मी करते."

परत आल्यापासून तिनं एवढ्या ठामपणे काही सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

ही एकोणीसशे नव्वद सालची गोष्ट. मी तेरा वर्षांची होते. बाबा कावीळ होऊन गेले आणि पुढच्याच वर्षी आई कुवेतला एका इस्पितळात नर्स म्हणून लागली. तेव्हा मी सहा वर्षांची. मला तिच्या थोरल्या बहिणीकडं, इंदुमती मावशीकडं ठेवलं. मावशी मुलींच्या शाळेत शिकवायची, तिनं लग्न केलेलं नव्हतं. आई दोन वर्षांतून एकदा महिनाभर यायची. चॉकलेटं, वासाचे साबण, चकचकीत कागदातली खोडरबरं घेऊन यायची आणि जायची. त्या ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. त्यानंतर कित्येक दिवस तिची काही खबर नव्हती. मावशी सकाळ-संध्याकाळ रेडिओला कान लावून बसायची. मग वाळवंटातल्या छावण्यांमधून, अम्मानच्या विमानानं आई मुंबईला आली आणि तिथून एस.टी.नं मिरजेला. उतरली तेव्हा हातात एक रेक्झिनची बॅग होती आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला.

घरात ती पाहुण्यासारखी राहायची. "चहा टाकू का, अक्का?" असं विचारून चहा टाकायची. अंथरूण स्वतः गुंडाळून कोपऱ्यात उभं करून ठेवायची. मला विचारायची, "दूध गरम घेतेस की गार?" मी सांगायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. तिकडचं अवाक्षर काढायची नाही. मावशीनं मला बजावलं होतं, "तू काही विचारू नकोस. तिला बोलावंसं वाटेल तेव्हा बोलेल."

मी विचारतही नव्हते. येणारी आणि जाणारी आई मला माहीत होती. ही, आली ती आलीच अशी आई माझ्या ओळखीची नव्हती.

घरी आल्यावर तिनं पदरातली पानं मोरीत पातेलंभर पाण्यात सोडली. मावशीनं सकाळीच कोंबडी आणून ठेवली होती, रश्शासाठी खोबरं भाजून तयार होतं.

"खोबरं नको, अक्का."

"बरं. लाल चटणी किती घालू?"

"चटणी नको. हळदही नको."

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "मग घालायचं काय?"

"कांदा, वेलदोडा, चार मिरी. नुसती पाण्यात शिजवायची."

"आजाऱ्याला देतात तशी," मावशी म्हणाली, पण बाजूला सरली. ती स्वयंपाकघराच्या बाहेर आणि आई आत, हेही मी पहिल्यांदाच बघत होते.

"सुवा, ये," आईनं मला बोलावलं. माझं नाव सुवार्ता. "देठं खुड. पानांना पाणी राहता कामा नये, पंचावर पसर."

पानं कोरडी झाल्यावर आम्ही दोघी पोळपाट आणि लाकडी फळी घेऊन समोरासमोर बसलो. विळीवर ती पानं नीट चिरली जाईनात, म्हणून तिनं मला सुरी दिली. तिकडं यासाठी चंद्रकोरीसारखं, दोन मुठींचं पातं असतं, पाळण्यासारखं हलवायचं असतं, असं तिनं हातानं करून दाखवलं. चिरता चिरता पानं चिकट व्हायला लागली. माझी बोटं हिरवी झाली.

"अजून बारीक," ती म्हणाली. "अगदी गंधासारखं. हनासारखं नको करूस. तिला कंटाळा येतो आणि ती मोठीमोठी पानं तशीच ढकलून देते."

"हना कोण?"

आईची सुरी चालूच होती. "सुआदची मुलगी."

"सुआद कोण?"

"माझ्याबरोबर राहते ती."

आणि मग ती बोलायला लागली. सुआद इजिप्तची, तांता नावाच्या गावची. आईच्याच वॉर्डात नर्स. नवरा सोडून गेलेला, पदरात तेव्हा चार वर्षांची मुलगी. आईला एकटीला घर परवडेना आणि सुआदला मुलगी सांभाळायला कुणी मिळेना, म्हणून दोघींनी मिळून दोन खोल्या घेतल्या. एकीची दिवसपाळी असेल तेव्हा दुसरी रात्रपाळी घ्यायची. सुआद मुसलमान, आई ख्रिस्ती. पण दोघींचं भांडण व्हायचं ते खिडकी उघडी ठेवायची की बंद, एवढ्यावरच. सुआदला वाऱ्याची भीती आणि आईला कोंडल्यासारखं व्हायचं.

"आणि हना?"

"हना अकरा वर्षांची आहे. वरचा एक दात पडायच्या आधीच मागून दुसरा आलाय, त्यामुळं हसताना तोंडावर हात धरते. पालीला घाबरते. झोपेत एक पाय पांघरुणाच्या बाहेर लागतो तिला, आत घातला तरी काढते. गणितात कच्ची आहे. मी पाढे शिकवले, मराठीत. बे एके बे म्हणते. तिच्या शाळेत कुणाला काही कळत नाही."

आई हसली नाही, पण तिचा आवाज मोकळा झाला होता. मी खाली बघून चिरत राहिले. हना अशी आहे, हना तसं म्हणते, हना हे खात नाही. कुवेतमध्ये त्या वेळी काय चाललं होतं ते रेडिओवर रोज सांगत होते, पण आईच्या बोलण्यात त्या दोन खोल्या अजून तशाच होत्या आणि हना शाळेतून यायची होती.

माझ्या दातांचं तिला काय ठाऊक होतं? माझी दाढ किडली तेव्हा मावशीनं मला डॉक्टरकडं नेलं होतं. आईला ते पत्रातून कळलं असेल, किंवा नसेलही.

कोंबडी शिजली. आईनं तुकडे बाजूला काढले आणि उकळत्या पाण्यात चिरलेली पानं सोडली. पाणी बघता बघता गर्द हिरवं झालं. तिनं आच कमी केली. "आता उकळू द्यायचं नाही. उकळलं की पाला खाली बसतो आणि पाणी वर येतं. मग सगळं वाया." दुसऱ्या चुलीवर कढईत तूप, त्यात ठेचलेला लसूण आणि धण्याची पूड. वास आला तशी मावशी दारात येऊन उभी राहिली.

लसूण सोनेरी झाल्यावर आईनं कढई उचलली, पातेल्यात ओतली आणि त्याच क्षणी छाती भरून जोरात श्वास आत ओढला. चटका बसल्यावर माणूस ओढतो तसा.

मावशी धावली. "भाजलं? कुठं? पाणी आण गं, सुवा."

"नाही, अक्का." आई हसायला लागली. आल्यापासून पहिल्यांदाच. "भाजलं नाही. फोडणी ओतताना असा श्वास ओढायचा असतो. नाहीतर मुलुखिया जमत नाही, असं सुआद म्हणते. तिची आई असंच करायची, तिची आजीही."

"कशासाठी?"

"कुणालाच माहीत नाही. आम्ही तिघी मिळून ओढायचो. हनाचा आवाज सगळ्यात मोठा. शेजारीण एकदा दार वाजवत आली, तिला वाटलं घरात साप निघाला."

मावशीही हसली. मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभी होते. मला हसू आलं नाही.

आम्ही जेवायला बसलो. आईनं ताटात भात वाढला, भाताच्या मधोमध खळगा करून त्यात मुलुखिया ओतली. शेवाळ धरलेल्या पाण्याचा रंग. पळी वर उचलली की भेंडीसारखी तार सुटत होती. लसणाचा वास मात्र भूक लागावी असा होता. मावशीनं आधी प्रार्थना केली. त्यात तिनं, "जी माणसं आज आमच्याबरोबर नाहीत त्यांना सुखरूप ठेव," असं एक वाक्य घातलं. मग एक घास घेतला, गिळला, दुसरा घेतला.

"वास छान आहे," ती म्हणाली.

आई माझ्याकडं बघत होती. तिनं पातेल्यात शोधून कोंबडीचं काळीज काढलं आणि माझ्या ताटात ठेवलं. अगदी सवयीनं, न विचारता, कडेला नव्हे तर भाताच्या शेंड्यावर.

"मी काळीज खात नाही," मी म्हणाले.

तिचा हात तिथंच थांबला. "कधीपासून?"

"कधीच खात नव्हते."

मावशी काहीतरी म्हणायला गेली, पण तिनं तो शब्द भाताबरोबर गिळला. आईनं हळूच ते काळीज उचललं. आता ते कुठं ठेवावं हे तिला कळेना. स्वतःच्या ताटात ठेवेना, पातेल्यात टाकेना. दोन बोटांत धरून ती बसून राहिली.

मी ताटावरून उठले आणि मागच्या दारानं परसात गेले.

शेवग्याच्या झाडाखाली कपडे धुवायचा दगड होता, त्यावर बसले. रडू येत नव्हतं. आत भांड्यांचा आवाजही येत नव्हता. बऱ्याच वेळानं आई बाहेर आली. तिनं हात धुतलेले होते, पण बोटं अजून हिरवीच होती. ती दगडाशेजारी जमिनीवर बसली, मावशीच्या पांढऱ्या साडीनिशी.

"साडी मळेल," मी म्हणाले.

"मळू दे."

ती नखांतला हिरवा पाला काढायला लागली.

"ती कुठं आहे आता?" मी विचारलं.

"हना? माहीत नाही."

मग तिनं मला सांगितलं. शहरात राहणं अशक्य झालं तेव्हा त्या तिघी एकत्रच निघाल्या. मिळेल त्या ट्रकनं, बसनं बगदाद आणि तिथून जॉर्डनच्या हद्दीपर्यंत. तिथं उघड्या वाळवंटात तंबू होते, आणि तंबूत न मावलेली माणसं. पाण्याच्या गाडीमागं लोक धावायचे. सुआदला ताप भरला. आई नर्स होती, पण हाताशी औषध नव्हतं, ओल्या फडक्यापुरतं पाणीही नव्हतं. एके सकाळी भोंग्यावरून पुकारा झाला की इजिप्तच्या लोकांनी बसमध्ये बसावं. त्या बस अकाबाच्या बंदराकडं जाणार होत्या आणि तिथून बोटीनं इजिप्त. भारतीयांच्या बस नंतर, अम्मानच्या विमानतळाकडं.

"सुआदला आम्ही दोघींनी धरून बसमध्ये बसवलं. तिला धड शुद्ध नव्हती. मी खाली उतरायला लागले, तर हनानं माझी ओढणी धरली. मूठ सोडेना. म्हणाली, तूपण चल. ड्रायव्हर ओरडत होता, मागं माणसं खोळंबली होती." आई हाताच्या बोटांकडं बघत होती. "मी तिला म्हटलं, माझी मुलगी घरी वाट बघतेय. तर ती म्हणाली, मग मी कोण?"

शेवग्याची दोन-चार पानं तिच्या केसांत पडली होती.

"तू काय म्हणालीस?"

"काहीच नाही. एकेक बोट सोडवलं. दार लागलं."

हनाच्या जागी मी असते तर मीही तेच विचारलं असतं. आणि मला त्या प्रश्नाचं उत्तर ऐकायचं होतं, तिच्यासाठीही आणि माझ्यासाठीही.

"तुला परत जायचंय का?" मी विचारलं.

"तिकडं आता काय आहे?"

"असेल-नसेल. तुला जायचंय का?"

तिनं खोटं सांगितलं असतं तर मला कळलं असतं, आणि बहुधा मी तिला ते कधी विसरू दिलं नसतं.

"हो," ती म्हणाली. "रोज सकाळी जाग येते तेव्हा वाटतं, उठून हनाचा डबा भरायचाय. आणि तिकडं असताना रोज सकाळी वाटायचं, तुझी वेणी घालायची राहिलीय."

मी तिच्याकडं पाहिलं नाही.

"तुझा एक फोटो होता तिथं, कपाटावर," ती पुढं म्हणाली. "त्या निळ्या फ्रॉकमधला. रोज पुसून सरळ ठेवायचे. कामावरून आले की तो भिंतीकडं तोंड करून असायचा. सुआद म्हणायची, वाऱ्यानं फिरला असेल. खिडकी तर ती उघडू द्यायची नाही, वारा येणार कुठून? शेवटी एकदा मी हनाला फिरवताना पकडलं."

"मग?"

"म्हणाली, ही सारखी माझ्याकडं बघते."

मला एकदम हसू आलं. मी ते दाबायचा प्रयत्न केला, पण आईनं पाहिलं. मग तीही हसली आणि हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ तो काढला नाही. मी दगडावरून उतरून तिच्या शेजारी मातीत बसले. आमचे खांदे टेकले. मी तिच्या केसांतली पानं काढली.

सुआद आणि हनाचा पत्ता आईला पुढंही लागला नाही. तांताला तिनं पाठवलेली पत्रं परत आली नाहीत आणि त्यांचं उत्तरही आलं नाही. पुढच्या वर्षी कुवेतचं इस्पितळ पुन्हा सुरू झालं, जुन्या नर्सना बोलावणं आलं. आईनं ते आठवडाभर उशीखाली ठेवलं आणि मग मिरजेतल्याच एका छोट्या दवाखान्यात नोकरी धरली. का, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. दर वर्षी पाऊस ओसरला की ती बांधाबांधानं फिरून ती पानं शोधायची. तो रस्ता रुंद झाला, शेतांवर घरं उठली, तरी कुठून तरी ओंजळभर आणायचीच. सुआदचा ताप उतरला का, बोट पलीकडं लागली का, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. आता आईही नाही. परक्या शहरात गेले आणि कानावर अरबी बोलणं पडलं, की मी अजून वळून बघते. साधारण माझ्याच वयाच्या, हसताना तोंडावर हात धरणाऱ्या एखाद्या बाईला शोधते. तिला सांगायला माझ्याजवळ काय आहे हे मला माहीत नाही.

पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी आम्ही दोघी आत आलो तेव्हा मावशीनं आमची ताटं झाकून ठेवली होती. ती स्वतःही पुढं जेवली नव्हती. आईनं मुलुखिया मंद आचेवर गरम केली. मी पाटावर बसले, भात कालवला आणि खाल्ला. सगळा खाल्ला. बुळबुळीत, गवतासारखी चव, वर लसूण. आई समोर बसून माझ्या प्रत्येक घासाकडं बघत होती.

"कशी आहे?"

"मला नाही आवडली," मी म्हणाले.

मावशीनं माझ्याकडं डोळे वटारले. पण आईचं तिकडं लक्ष नव्हतं. ती थोडी पुढं सरकली.

"मग तुला काय आवडतं?"

मी सांगायला लागले. वांग्याचं भरीत, पण त्यात कांदा कच्चा. दही, पण साखर नको. शेंगदाण्याची पोळी, कडा करपलेली. आई ऐकत होती. पाळी बदलताना नर्स जशी आधीच्या नर्सचं बोलणं ऐकते तशी, मध्ये न बोलता, मान हलवत. मी थांबले, तर दारातून मावशीचा आवाज आला.

"ताप यायच्या आधी ती गप्प होते," मावशी म्हणाली. "तेव्हाच ओळखायचं. स्वतःहून सांगणार नाही."

"बरं," आई म्हणाली.

"वेणी फार घट्ट घालायची नाही, डोकं दुखतं तिचं. आणि परीक्षेच्या दिवशी काही खात नाही. पेज करून समोर ठेवायची आणि आपण दुसऱ्या खोलीत जायचं. मग खाते."

"बरं."

मावशी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचा आवाज वर्गात फळ्यापाशी असायचा तसा सरळ होता, फक्त थोडा घाई करत होता. मग ती मध्येच थांबली.

"अजून पुष्कळ आहे," ती म्हणाली. "सांगेन हळूहळू." आणि ती भांडी उचलायला वाकली.

आईनं तिच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि स्वतःशेजारी पाट मांडला.

"बस ना, अक्का. मला सगळं ऐकायचंय."

मावशी बसली. तिनं पदरानं तोंड पुसलं, एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि मी सहा वर्षांची होते तिथून सांगायला सुरुवात केली.